जोकरच्या दातांचा पंचनामा

१९४० साली ‘बॅटमॅन’च्या पहिल्याच अंकात जन्मलेला जोकर ७५ वर्षांचा झाला, त्या निमित्ताने एप्रिल २०१५ मध्ये ‘सुसाइड स्क्वाड’चे दिग्दर्शक डेव्हिड आयर यांनी त्याचा नवा फोटो झळकवला. जॅरेड लेटो, हिरवे केस, धातूचे दात, अंगभर गोंदण. कपाळावर ‘डॅमेज्ड’ असंही गोंदलेलं, न जाणो, कुणी त्याला सज्जन समजायचं!

चित्रपटाला सव्वा वर्ष अवकाश होता. चाहत्यांना तेवढा एक फोटो पुरला. धातूचे दात म्हणजे खरे पडले असणार. पाडले कुणी? बॅटमॅनने. का? याने त्याच्या साथीदाराला, रॉबिनला, मारलं म्हणून. पुढे ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’मध्ये रॉबिनचा रंग फासलेला पोशाख दिसला आणि दुसरा गट उठला: छे, हा जोकर म्हणजेच जुना रॉबिन! शितावरून भाताची परीक्षा ठीक आहे; इथे पंगत उठून दक्षिणाही वाटून झाली होती. प्रत्यक्ष चित्रपटात जोकर आला तो जेमतेम काही मिनिटं.

आमचा जीव मात्र १९६६च्या मालिकेत जोकर झालेल्या सीझर रोमेरोवर. त्याने मिशी काढायला साफ नकार दिला. मेकअपवाल्यांनी पांढरा रंग मिशीवरच थापला. क्लोज-अपमध्ये ती स्वच्छ दिसते, आणि त्याबद्दल जगबुडी वगैरे काही झाली नाही. आज हे घडतं तर मिशी म्हणजे दडपलेलं बालपण, रंग म्हणजे समाज, आणि मधूनच डोकावणारे केस म्हणजे पुढच्या तीन भागांची नांदी ठरली असती. नटाला मिशी आवडत होती, एवढं साधं कारण कुणाला चाललं नसतं.

१९८९चा जॅक निकल्सन रसायनात पडला. चेहऱ्याची चौकशी तिथेच संपली. २००८च्या हीथ लेजरने मात्र गंमत केली. तोंडाच्या व्रणांची हकिकत त्याने एकदा बापाच्या नावावर खपवली, दुसऱ्यांदा बायकोच्या. तिसऱ्यांदा बॅटमॅनला सांगू लागला, तर त्याने ऐकूनच घेतली नाही. सगळ्या प्रकरणात शहाणा तेवढा एकच. माणूस धडधडीत थापा मारतोय हे उघड असताना चाहते वाद घालत बसले की यातली खरी कोणती! काहींनी तर त्याला परस्पर माजी सैनिक करून टाकलं.

२०१९ मध्ये वाकीन फीनिक्सने अख्खा चित्रपटभर कारणं दिली, तेव्हा शंका निघाली की हे सगळं त्याच्या डोक्यातच घडलं नसेल कशावरून? २०२२चा बॅरी किओगन तर नीट दिसतही नव्हता. त्यामुळे त्याच्यावर सर्वांत बारीक संशोधन झालं.

यात स्टुडिओचं काय जातं? रंगभूषाकाराला पैसे द्यावे लागतात, नटाला द्यावे लागतात. पूर्वकथा लिहिणारे मात्र हजारो, आणि सगळे फुकट. तेव्हा चाहतेहो, पुढच्या जोकरचा फोटो आला की त्याचे दात मोजण्याआधी मानधनाचं बोलून घ्या.