रिमोट भाचा

संगमनेर, राहुरी, शेवगाव, कुठल्याही तालुक्यातलं घर घ्या. त्या घरचा एक तरी पोरगा हिंजवडीला असतोच. कंपनीत तो नेमकं काय करतो, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. पण ‘कंप्युटरमध्ये आहे’ एवढ्या भांडवलावर चुलत्यापासून आत्याच्या जावेपर्यंत सगळ्यांचे कंप्युटर त्याच्या नावावर चढतात. जमिनीची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या रखडली तरी ही वारसनोंद बिनविरोध होते. असा हा रिमोट भाचा.

सुरुवातीला तो फोनवरच निदान करी.

“मामा, खाली डाव्या कोपऱ्यात काय दिसतंय?”

“पोतं.”

“स्क्रीनवर, मामा!”

“मग तसं सांग ना.”

अशा काही फेऱ्या झाल्या की भाचा ठरवतो, आता पुण्यात बसून मामांचाच माउस हातात घ्यायचा. मग बहिणीला स्थळ बघावं तशी त्यासाठीच्या सॉफ्टवेअरची चौकशी सुरू होते. टीमव्ह्यूअर 2005 चं, घराणं जुनं. एनीडेस्क 2014 चं, अंगानं हलकं. दोन्ही जर्मनीची, एक गॉपिंगेनचं, दुसरं स्टुटगार्टचं, म्हणजे आपल्या राहुरी ते नगर एवढंच अंतर. (सरकारदरबारी 2024 साली अहिल्यानगर झालं, मामांच्या तोंडी अजून नगरच.) रस्टडेस्क मुक्त आणि फुकट, हवं तर स्वतःचा सर्व्हरही थाटू देतं; पण त्या सर्व्हरची उसाबर करायची कुणी? क्रोम रिमोट डेस्कटॉपला गूगलचं खातं लागतं, आणि मामांच्या खात्याचा पासवर्ड तालुक्याच्या ज्या झेरॉक्सवाल्यानं ठेवला, त्यानं आता रसवंती टाकलीय.

शेवटी एक स्थळ पक्कं होतं. पहिल्याच दिवशी ते सॉफ्टवेअर ‘हा तुमचा धंदा दिसतोय’ असा संशय घेऊन मध्येच बंद पडतं. त्याचंही चूक नाही. एका माणसाला अकरा घरांचे प्रिंटर फुकट सुरू करताना बघून कुणाचाही विश्वास बसणार नाही.

पुढचा अडथळा नेटचा. मामांच्या कंप्युटरला नेट मिळतं ते मामांच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून. जोडणी होते, बाण हलू लागतो, मामा “आपोआप चालतंय की!” म्हणून खूश होतात आणि ही बातमी मामींना सांगायला मोबाइल खिशात घालून गोठ्याकडं जातात. नेटही गोठ्यात जातं. ते परत येईपर्यंत लाईट गेलेली असते.

तिसरा अडथळा खुद्द भाच्यानंच घातलेला. फेब्रुवारी 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सावध केलं होतं, की भामटे लोकांना मोबाइलवर एनीडेस्क घ्यायला लावतात, त्यावरचा नंबर विचारतात आणि यूपीआयमधून पैसे उडवतात. भाच्यानं ते मामांकडून दिवाळीत चांगलं घोकून घेतलं: कुणी का विचारेना, नंबर सांगायचा नाही. आता भाचा विचारतो, “मामा, नंबर काय आलाय?”

“नाही सांगायचा.”

“अहो, मी बोलतोय!”

“तेसुद्धा असंच म्हणतात, तूच सांगितलंस.”

आयुष्यभर झेडपीच्या शाळेत शिकवलेला माणूस; पाठांतर पक्कं.

यातून भाच्याला वाट सापडली ती विंडोजमध्ये आयत्याच असलेल्या क्विक असिस्टमध्ये. कंट्रोल, विंडोज आणि क्यू ही बटणं एकत्र दाबली की ते उघडतं. तिथं व्यवहार उलटा: कोड भाच्याकडं तयार होतो, मामांनी तो ऐकून टाकायचा. दहा मिनिटांत कोड शिळा होतो, म्हणून चष्मा आधी शोधून ठेवावा लागतो, एवढंच. विंडोजनं ‘बदल करू देऊ का?’ असं विचारलं की भाच्यापुढचा पडदा काळा होतो आणि ‘हो’ म्हणण्याचा मान मामांनाच मिळतो. हे मामांना फार आवडलं. कंप्युटर आपला आहे, हे पहिल्यांदाच कुणीतरी मान्य केलं होतं.

पण भामट्यांनाही क्विक असिस्ट चालवता येतं. म्हणून भाच्यानं जुनं वाक्य खोडून नवं दिलं, ते मामांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात स्क्रीनच्या वर चिकटवलंय: ‘फोन आपण लावायचा. आलेल्या फोनवर कंप्युटर उघडायचा नाही.’

दुनियेतली सगळी सॉफ्टवेअरं तपासून भाच्याच्या हाती लागलेलं सगळ्यात खात्रीचं साधन ते हेच, आणि त्याला नेट लागत नाही. तुमच्या घरीही ते आजच चिकटवा. शेजारी 1930 लिहा. फसवणूक झालीच तर तक्रारीचा हा सरकारी नंबर आहे, आणि तो मात्र विचारेल त्याला बिनधास्त सांगा.