थे कुठी ठेवलं वं?

वऱ्हाडातल्या घरात सगळ्यात जास्त राबणारा गडी म्हणजे ‘थे’. पुस्तकातलं ‘ते’ आमच्या तोंडी ‘थे’ होतं, ‘तो’चा ‘थो’ होतो आणि मग नामांची फारशी गरज उरत नाही. “अवं, थे कुठी ठेवलं वं?” असं सासूनं सैपाकघरातून विचारावं, सुनेनं अंगणातून “तठीच आहे नं, त्याच्या मांगं” असं उत्तर द्यावं, आणि सांडशी सापडावी. या बोलण्यात सांडशी नाही, फळी नाही, डबाही नाही. पण पोळी करपत नाही.

सून अकोल्याची असली तर अमरावतीच्या घरात हे सहज निभतं. पुण्याकडची असली, की बिचारी “ते म्हणजे नेमकं काय?” असं विचारते. त्यावर मिळणारा खुलासा ठरलेला: “थे वं माय, थे!” शब्द तोच, आवाज चढा आणि सोबत हनुवटीनं दाखवलेली दिशा.

याच ‘थे’चा आवाज खाली आला, की मात्र विषय बदलतो. “त्याले थे झालं म्हने.” कॅन्सरचं नाव घरात घ्यायचं नसतं, घेतलं तर तो पत्ता विचारत येईल अशी धास्ती. बाकी कुणाला पळवून नेलं, कुणाचं शेत गहाण पडलं, तेही याच पट्टीत. पानठेल्यावर “थो येऊन गेला काय?” म्हटलं, की उभ्या सगळ्यांना पुढारी कळतो. न कळणाऱ्यानं गपगुमान पान खावं.

नवऱ्याचं नाव उखाण्यापुरतं आणि एरवी नुसतं ‘हे’, ही रीत महाराष्ट्रभर आहे. पण ‘हे’ जवळचं आणि ‘थो’ लांबचा, याचा खरा हिशेब आमच्याकडे बघावा. “हे अकोल्याले गेले” म्हणजे माणूस कामानं गेला, संध्याकाळी येईल, भाजी त्याच्यापुरती टाकलेली आहे. “थो गेला अकोल्याले” म्हणजे भांडण झालं. अंतर दोन्हीकडे तेवढंच, एसटीचं तिकीटही तेच.

फिनलंडच्या लोकांनी यासाठी तीन शब्द ठेवलेत. हाताशी असलेल्याला ‘तॅमॅ’, बोट दाखवता येईल त्याला ‘तुओ’, आणि बोलणाऱ्या-ऐकणाऱ्या दोघांना आधीच ठाऊक असलेल्याला ‘से’. म्हणजे हे आपलं ‘थे’च की! लिहिताना ते माणसाला ‘हॅन’ म्हणतात, बाईला आणि पुरुषाला एकच. बोलताना मात्र माणसालाही बिनदिक्कत ‘से’, आणि कुणी रागावत नाही. आमच्याकडेही बाई आणि वस्तू एकाच ‘थे’त नांदतात. ‘थे आली’ आणि ‘थे आलं’ यांतला निवाडा क्रियापदानं करायचा. अकोल्याच्या मे महिन्यातला माणूस हेलसिंकीच्या जानेवारीत टिकेल की नाही सांगता येत नाही, पण ‘से’ वापरताना तो अडायचा नाही.

ग्रिअर्सनसाहेबानं देशभरच्या बोलींचे नमुने गोळा केले. त्यातला मराठीचा खंड 1905 साली निघाला आणि त्यात वऱ्हाडीही आहे. सगळ्या बोलींसाठी त्यानं एकच गोष्ट निवडली होती, बायबलमधल्या उधळ्या मुलाची. या गोष्टीत बाप आहे, थोरला आहे, धाकटा आहे. नाव एकाचंही नाही. साहेबाला ठाऊक नसेल, पण वऱ्हाडी माणसासाठी याहून सोयीची गोष्ट शोधून सापडली नसती.

मध्यंतरी बडनेऱ्याहून अकोल्याला निघालो होतो. समोर धोतरातले दोन म्हातारे. “थो भेटला होता.” “कोन, थो?” “हाव ना.” “जित्ता आहे अजून?” “जित्ता? थे वावर घेतलं ना त्यानं!” मूर्तिजापूर गेलं, काटेपूर्णा गेलं. त्या वावरावरून कोर्टकज्जा झाला, एक लगीन मोडलं, भाऊ भावाच्या मयतीला गेला नाही. ‘थो’ कोण ते काही कळेना. बोरगाव मागं पडल्यावर राहवेना.

“काहो काकाजी, थो म्हणजे कोण?”

दोघांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तुमी इकडले नाही वाट्टे?”

“इकडलाच आहे. अमरावतीचा.”

“हां,” दुसरा पिशवी उचलत म्हणाला, “मंग बराबर.”