चिमी

जाहिरातीत एवढंच होतं: ऑस्टिन सेव्हन चमी, १९२८, उघडी टुरर, पूर्ण दुरुस्त, चांगल्या घरी द्यायची आहे. शेवटच्या चार शब्दांवरच मला शंका यायला हवी होती. मोटार विकायची असते. चांगल्या घरी द्यायची असते ती मुलगी.

"आपल्याकडे एक गाडी आहे," बायको म्हणाली. "आणि तिला छप्परही आहे."

तरी रविवारी आम्ही निघालो. आमचं घर बर्मिंगहॅममध्ये आणि गाडी लाँगब्रिजच्या बाजूला, म्हणजे जिथे जन्मली तिथून हाकेच्या अंतरावर. साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेली आईही बरोबर होती. 'चमी' हे नाव तिला एकदाच सांगितलं. "चिमी होय!" ती म्हणाली आणि त्या क्षणापासून ती चिमीच झाली.

मालक ऐंशीच्या घरातले, निवृत्त टूलमेकर. चहा-बिस्किटं मांडून तयार. पोहे नव्हते, एवढाच काय तो फरक. मी इंजिनाबद्दल विचारायला तोंड उघडलं, पण प्रश्न त्यांचेच होते. गॅरेज आहे का? कोरडं आहे का? हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तेव्हा गाडी बाहेर काढणार का? स्वतःच्या हाताने वंगण घालता का? सायकलला घालतो, म्हणालो. त्यांनी बिस्किटांची बशी किंचित स्वतःकडे ओढली.

मग अल्बम आले. तीन खंड, सात वर्षांचं काम. पहिल्याच फोटोत गाडीच्या मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. शेवटच्या फोटोत तीच सीट, निळं कातडं, कोंबडी नाही.

"यातलं मूळचं काय उरलंय?" मी विचारलं.

"चॅसी, इंजिनाचा ब्लॉक, नंबरप्लेट," ते म्हणाले. थोडं थांबून, "आणि मी."

मला पुण्यातले वाडे आठवले. आतली चार मजली इमारत नवी असते, पण दिंडी दरवाजा जुना ठेवतात आणि त्याला जीर्णोद्धार म्हणतात. त्या मानाने हा गृहस्थ फार प्रामाणिक.

बायकोचा सूर बदलला तो कराची गोष्ट निघाल्यावर. ती हिशेबाच्या क्षेत्रातली. १९२१पासून ब्रिटिश सरकारने मोटारींवर दर हॉर्सपॉवरमागे वर्षाला एक पौंड कर लावला. ही हॉर्सपॉवर प्रत्यक्ष ताकद पाहून ठरत नसे, सिलिंडरचा व्यास आणि संख्या एवढंच सूत्रात धरायचं. सरकार कमरेचा घेर मोजतंय म्हटल्यावर इंजिनं बारीक आणि उंच झाली. हर्बर्ट ऑस्टिन यांची कंपनी तेव्हा कर्जात बुडालेली, मोठ्या गाड्या खपेनात. छोटी गाडी काढू म्हटलं तर संचालक नको म्हणाले. तेव्हा या माणसाने अठरा वर्षांच्या स्टॅन्ली एज नावाच्या पोराला घरी बसवलं आणि बिलियर्डच्या खोलीत आराखडे काढून घेतले. स्वतःचे पैसे घातले आणि कंपनीशी करार केला: दर गाडीमागे दोन गिनी मला. १९२२ साली गाडी आली आणि १९३९पर्यंत सुमारे २ लाख ९० हजार खपल्या. बीएमडब्ल्यूची पहिली मोटारसुद्धा हिचीच परवान्यावर केलेली आवृत्ती.

"घरच्या घरी केलं तर असं स्वस्तात होतं," बायको माझ्याकडे बघत म्हणाली. आमच्या स्वयंपाकघराच्या नूतनीकरणाचा विषय दोन वर्षं चालू आहे.

चक्कर मारायची वेळ आली. गाडीची रुंदी चार फुटांच्या आत, इंजिन ७४७ सीसीचं आणि मागची सीट दोन लहान मुलांसाठी. कुटुंबाची गाडी हे खरं, पण कुटुंब त्या मापाचं पाहिजे. आम्ही दोघं एकमेकांच्या पोटांकडे बघत राहिलो. तोवर आईने पदर खोचला, पुढची सीट कलती केली आणि ती मागे जाऊन चक्क मांडी घालून बसली. "टांग्यापेक्षा बरं," ती म्हणाली. "घोड्याचा वास नाही."

बायको फाटकाशी थांबली. सुकाणू माझ्या हाती आलं. या गाडीच्या क्लचचा सगळा प्रवास इंचभरसुद्धा नाही. तो एक तर दबलेला असतो किंवा सुटलेला, अधलंमधलं काही नाही. आम्ही बेडकासारखे निघालो. तीनदा माझ्या पायाने इंजिन बंद पाडलं. ब्रेकचं तर गणितच निराळं: पायाचा ब्रेक मागच्या चाकांना, हाताचा पुढच्या. थांबायचं तर दोन्ही एकदम, पण वेगवेगळ्या वजनाने, तबला-डग्ग्यासारखं. मी आयुष्यात फक्त टाळ वाजवले आहेत. गिअर करकरला की शेजारी बसलेले मालक डोळे मिटून घेत. लेकीला चारचौघांत टाकून बोलणाऱ्या जावयाकडे सासऱ्याने कसं पाहावं?

मग पाऊस आला. हूड चढवायला आम्ही दोघं खाली उतरलो. दांडे उभे केले, कापड ओढलं, पट्टे लावले, चुकीचे लावले, पुन्हा सोडले. सगळं जमलं तेव्हा ऊन पडलं होतं. आई मागे छत्री उघडून आरामात बिस्किट खात होती. ते तिच्याकडे कधी आलं, कोणी दिलं, मला कळलं नाही.

परत आल्यावर त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि आईला दार उघडून, हात देऊन उतरवलं.

तीन दिवसांनी फोन आला. गाडी द्यायचं सध्या मनात नाही, वाईट वाटून घेऊ नका, म्हणाले. "पत्रिका जुळली नाही," बायकोने निकाल दिला. पण फोन अजून चालूच होता. रविवारी हवा चांगली आहे, ते म्हणाले, लिकी टेकड्यांकडे चक्कर मारणार आहे. तुमच्या आई येतील का? तीन मोठी माणसं घेऊन तो चढ चिमीला... हो, ते 'चिमी'च म्हणाले... जड जातो.

मी जरा घुश्शातच आईला निरोप सांगितला.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "त्यांनी त्याच दिवशी विचारलं होतं."

आईला इंग्रजीचं अक्षर येत नाही.

"दशम्या कर गं," तिने आत हाक दिली. "दोघांपुरत्याच."