जयगाव, धुये आणि मधले दुभाषे

जळगाव आणि धुळे या दोन्ही नावांत ळ आहे, आणि दोन्हीकडच्या गावरान जिभेवर तो टिकत नाही. एसटीच्या पाटीवर जळगाव, तोंडी जयगाव. पाटीवर धुळे, तोंडी धुये. केळीसाठी देशभर नाव असलेल्या मुलखात खुद्द केळीचीच केयी होते. पुण्याहून बदली होऊन आलेला साहेब नव्या घरमालकिणीच्या तोंडून ‘डाय शिजी राह्यनी’ ऐकतो आणि केस काळे करण्याचा हा जहाल घरगुती उपाय बघायला स्वयंपाकघरात डोकावतो. तिथे तुरीची डाळ रटरटत असते.

तमिळ आपल्याला येत नाही, हे मराठी माणूस निमूट कबूल करतो. खानदेशातल्या अहिराणीपुढे मात्र तो गाफील असतो. शब्द ओळखीचे वाटतात ना! मराठीत जातोस, खातोस यातला स ‘तू’च्या मालकीचा. अहिराणीत मी जास, तू जास, तो जास. एका स मध्ये तिघांची सोय. शेतकरी बँकेत म्हणतो, ‘मी दर सोमवारले येस.’ साहेब हे इंग्रजी होकारार्थी उत्तर समजून मान डोलावतो. दोघांचंही समाधान होतं. भाषांतराकडून याहून जास्त अपेक्षा धरू नये.

धुळ्यात तर ‘मना’ दोन आयुष्यं जगतो. तिथल्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी परंपरेची हस्तलिखितं जपून ठेवलेली आहेत; तिथला ‘मना’ म्हणजे उपदेश ऐकून घेणारं मन. मंदिराबाहेर ‘मना भाऊ घर शे’ म्हणजे नुसतं ‘माझा भाऊ घरी आहे’. ‘मनी माय’ ऐकून पैशांचा विषय निघाला असं वाटून घेऊ नये, आईचा निघालेला असतो. आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. स्थळाची चिठ्ठी लिहिताना एक काना जास्त पडला, तर वधूचा वर होतो.

बरं, सगळा खानदेश तरी एका बोलीचा आहे का? रावेर-यावलकडे लेवा गणबोली. जळगावच्या बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली पुस्तकरूपानं आली, आणि तेव्हापासून बाहेरची मंडळी त्या गाण्यांना कौतुकानं अहिराणी म्हणत आली आहेत. ती अहिराणी नव्हेत. ‘मना’ म्हणणारा शिरपूरचा गडी आणि ‘माह्या’ म्हणणारे रावेरचे पाहुणे सोयरिकीला बसले की दोन्ही बाजू घसा खाकरून शाळेतल्या मराठीवर येतात, आणि एकदम परके वाटू लागतात.

भारतीय भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रिअर्सननं १९०७च्या खंडात खानदेशीला, म्हणजे अहिराणीला, मराठीजवळ न बसवता भिल्ली भाषांच्या पंगतीत बसवलं. पुढे डॉ. रमेश सूर्यवंशींनी अहिराणीचा शब्दकोशच केला, म्हणजे वेगळ्या चुलीचा कागदोपत्री पुरावाही झाला. जनगणनेत मात्र खानदेशी सांगणारे २००१ मध्ये वीस लाखांवर होते, ते २०११ मध्ये साडेअठरा लाखांच्या आसपास आले. माणसं काही कुठे गेली नाहीत. प्रगणकानं मातृभाषा विचारली की उत्तर येतं, ‘लिखी ले भो, मनी भाषा मराठी शे!’

कानावर आलं ते लिहावं तर एक रकाना, सांगितलं ते लिहावं तर दुसरा. प्रगणक दुसऱ्यात लिहितो आणि म्हणतो, ‘चाल, मी जास.’