सिंहेच्छूंसाठी सूचनापत्रक

ताडोब्यात जिप्सी, चालक आणि गाइड असे सगळे तयार मिळते. वाघ दिसला नाही तर कुणाच्या नावाने बोटे मोडायची, हेही ठरलेले असते. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात मात्र गाडी तुमची, चालक तुम्ही आणि गाइडही तुम्हीच. पसारा सुमारे 19,500 चौरस किलोमीटरचा. सिंह न दिसल्याचा दोष घरातल्या घरातच वाटून घ्यावा लागतो. तो समप्रमाणात वाटला जावा, म्हणून पुढील सूचना.

1. बिऱ्हाड
कॅरॅव्हॅन गाडीपासून सोडवून कॅम्पातच ठेवावी. ती ओढत सिंहामागे गेल्यास परत वळता येत नाही, आणि सिंह वाट बघतो असे नाही. निघण्यापूर्वी खिडक्या लावून खाऊचे डबे आत कोंडावेत. कॅम्पाचे कुंपण मोठ्या जनावरांसाठी आहे. व्हर्वेट माकडे आणि बबून ते मानत नाहीत. चिवड्याची बरणी बाहेर राहिल्यास नैवेद्य दाखवला असे समजावे. परत मागू नये.

2. प्रस्थान
डिसेंबरात, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, कॅम्पाचे फाटक पहाटे 4:30 ला उघडते. जाणकार त्याआधीच रांगेत असतात. आपण चहा घेऊन निघावे आणि उशीर का झाला यावर पहिले दहा किलोमीटर चर्चा करावी. चहा मात्र बेताने. कॅम्प आणि ठराविक जागा सोडून गाडीतून उतरायला बंदी आहे. स्कुकुझा आणि लोअर साबी या कॅम्पांमधला नदीकाठचा रस्ता पन्नास किलोमीटरसुद्धा नाही, पण डांबरीवर ताशी 50 आणि कच्च्या रस्त्यावर 40 अशी वेगमर्यादा, त्यात प्रत्येक झुडपापाशी थांबणे. वाटेतल्या न्कुहलू पिकनिक स्थळाची थोरवी दुसऱ्या कपानंतर कळते.

3. अधिकारवाटप
चालकाने रस्ता पाहावा, बाकीच्यांनी प्राणी. “अहो, थांबा!” ही आरोळी जागा मागे पडल्यावरच द्यावी. गाडी मागे घेतल्यावर दिसलेला दगड शांतपणे मान्य करावा. “ते बघ, त्या झाडाखाली” ही खूण जंगलात देऊ नये. दुर्बीण एकच असल्यास ती आत्यांकडे असावी. त्यांना काही दिसत नाही, पण निदान भांडण होत नाही.

4. किरकोळ प्राणी
पहिल्या इम्पालाचे चाळीस फोटो काढावेत. दुपारपर्यंत “कोण आहे?” या प्रश्नाला “कोणी नाही, इम्पाला” असे उत्तर देण्याइतकी प्रगती व्हायला हवी. सगळा कळप एकाच दिशेला टक लावून फुरफुरत असेल, तर त्या दिशेला बिबट्या असण्याचा संभव असतो. तरीही थांबू नये; आपण सिंहासाठी आलो आहोत. आपल्या नीलपंखाचा भाऊबंद असलेला जांभळ्या छातीचा रोलर फांदीवर बसलेला दिसेल. त्याच्या रंगांना भुलू नये. स्वतःहून मोठा शेणाचा गोळा मागच्या पायांनी ढकलत शेणकिडा रस्ता ओलांडत असेल, तर त्याला जाऊ द्यावे, पण इंजिन बंद करून बघत बसण्याचा पोरकटपणा मुलांना करू देऊ नये.

5. हत्ती
हत्ती रस्त्यावर असल्यास रस्ता त्याचा. अंतर ठेवावे, मागे फिरायला वाट मोकळी ठेवावी. हॉर्नची सवय घरी ठेवून यावे. गंडस्थळावरून मद झरत असेल तर संस्कृत सुभाषिते आठवत बसू नये. ती रचणाऱ्यांकडे भाड्याची गाडी नव्हती. निमूट मागे जावे.

6. सिंह
सिंह शोधू नये, गाड्या शोधाव्यात. एक गाडी थांबलेली असेल तर पक्षीवेडे आहेत, पुढे जावे. दहा-पंधरा गाड्या आडव्यातिडव्या असतील तर सिंह आहे. क्रूगरमध्ये साटारा नावाचा कॅम्प आहे. तिथे कंदी पेढे मिळत नाहीत, पण आसपासच्या गवताळ मुलखात, विशेषतः एस 100 या कच्च्या रस्त्यावर, सिंहांचा लौकिक मोठा आहे. सिंह दिवसातले 16 ते 20 तास पडून असतो. म्हणून गवतात हललेला एक कान हा पूर्ण सिंह धरावा. शेपटीचा गोंडाही दिसल्यास दोन सिंह धरायला हरकत नाही.

7. परत फिरणे
डिसेंबरात फाटक संध्याकाळी 6:30 ला बंद होते. उशीर केल्यास दंड होऊ शकतो. सिंह उठून आळस देतो तो साधारण याच सुमारास, फाटकापासून बऱ्याच अंतरावर. तेव्हा त्याच्याकडे पाठ करून वेगमर्यादेत परतावे.

8. कथन
कॅम्पातल्या नकाशाच्या फळ्यावर इतरांनी लावलेल्या खुणा पाहाव्यात. आपण ज्या इम्पालांना “कोणी नाही” म्हणालो, त्याच वळणावर बिबट्याची खूण असेल. ती कुटुंबीयांना दाखवू नये. शेगडी पेटल्यावर शेजारच्या कॅरॅव्हॅनला आपला सिंह सांगावा. कानाचे अंतर पहिल्या दिवशी शंभर मीटर ठेवावे, दुसऱ्या दिवशी पन्नास. मुंबईच्या विमानतळावर उतरेपर्यंत सिंहाने काचेला नाक लावलेले असावे. पुण्यातल्या नातेवाइकांसाठी काच खाली घ्यावी.