बदलीवाले साहेब

तंजावरला बदलून आलेला मराठी अधिकारी बँकेतला असो, रेल्वेतला असो की हवाई दलाच्या तळावरचा. एरवी तो चारचौघांसारखाच असतो. इडली खातो, उकाड्याला शिव्या देतो, सुटीचे अर्ज करतो. पण घटस्थापना जवळ आली की त्याच्या अंगात महाराष्ट्र संचारतो.

पुण्यात असताना हेच साहेब दसऱ्याला श्रीखंड ओरपून दुपारी असे आडवे व्हायचे, की सोनं द्यायला आलेल्यांना बायकोच सामोरी जायची. इथे मात्र त्यांना आपट्याची पानं हवीतच. मेव्हण्याला फोन होतो, कुरिअर निघतं आणि एकादशी उलटल्यावर काळपट चुरा हातात पडतो. ‘इकडे काही म्हणजे काही मिळत नाही हो,’ असा उसासा टाकून साहेब तो चुरा देवापुढे ठेवतात. आता गंमत अशी, की आपटा इकडचाच. तमिळ लोक त्याला आत्ती म्हणतात आणि त्याचं फूल हे चोळ राजांचं मानाचं फूल. राजराज चोळाच्या राजधानीत बसून आपटा पुण्याहून मागवणं ही कामगिरी साधी नाही.

साहेबांची खरी पंचाईत होते ती गावातल्या मराठी आजोबांपुढे. व्यंकोजीराजांनी 1675 च्या सुमारास इथे राज्य मांडलं, 1855 साली शेवटचे शिवाजीराजे गेले, राज्य कंपनी सरकारने गिळलं; माणसं मात्र राहिली. आजोबा त्यांतले. त्यांच्या मराठीत मधूनमधून तमिळ डोकावतं आणि साहेब ते तिथल्या तिथे दुरुस्त करतात. एकदा तर आजोबांनी त्यांना बृहदीश्वराच्या भिंतीवरचा भोसल्यांच्या वंशाचा मराठी शिलालेख दाखवायला नेलं. 1803 सालचा, केवढा तरी लांबलचक. साहेब चार ओळी वाचून म्हणाले, ‘शुद्धलेखनाकडे लक्ष दिलेलं नाही.’

नवरात्रात आजोबांकडे कोलू मांडलेला असतो. पायऱ्यापायऱ्यांवर देव, राजेराण्या, वाणी, मान हलवणाऱ्या तंजावरी बाहुल्या. संध्याकाळी येईल त्याला वाटीभर सुंडल. ‘आपल्यात घट असतो,’ साहेब बजावतात. ‘तो आत आहे,’ आजोबा शांतपणे सांगतात, ‘सुंडल घ्या.’ साहेब नाराजीने घेतात. दोनदा.

दिवाळीत तर साहेबांचे हालच. तमिळनाडूची दीपावली म्हणजे नरकचतुर्दशीची पहाट. तेल लावून कढत पाण्याने आंघोळ, नवे कपडे, फटाके, आणि जो भेटेल तो विचारणार, ‘गंगास्नान झालं का?’ वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतची यादी करून बसलेले साहेब उठतात तेव्हा शेजाऱ्यांचा सण उरकत आलेला असतो. पुण्यात त्यांना पहिल्या आंघोळीला उठवायला आईला पातेल्यावर पळी आपटावी लागे, हे ते सोयीने विसरतात आणि ‘यांच्यात दिवाळीच नाही’ असा निकाल देतात. त्यात इथे पाऊस ऐन ऑक्टोबर-नोव्हेंबरात. हौसेने टांगलेला आकाशकंदील लक्ष्मीपूजनापर्यंत काड्यांवर येतो. शेजारीण सुंठ-मिरी-ओव्याचं गूळतुपातलं लेह्य आणून देते, कारण फराळानंतर पोटाचं काय होणार हे तमिळ लोक आधीच धरून चालतात. माझ्या मते आपण त्यांच्याकडून एवढी एक गोष्ट तातडीने उचलावी. साहेब मात्र ‘आपल्यात नसतं’ म्हणून बरणी बाजूला सारतात. रात्री अकराला चमचा शोधतात.

तीन वर्षांनी बदली होते. पुण्यात परतल्यावर साहेब काय करतात? कोलू मांडतात. सोसायटीतल्या बायकांना सुंडल वाटत सांगतात, ‘आमच्या तंजावरला असंच असतं.’

तुमच्या ओळखीतलं कोणी तिकडे बदलून गेलं असेल, तर कृपा करून आपट्याची पानं पाठवू नका. दिवाळी अंक पाठवा. ते तिथल्या झाडांना लागत नाहीत.