सेकंडहँड थंड हवा

पूर्ण भाव देऊन घेतलेल्या वस्तूत आप्पांना करमत नाही. त्यांच्या जळगावच्या घरातला फ्रिज बदली होऊन गेलेल्या एका तहसीलदारांचा, सोफा अवसायनात निघालेल्या एका पतसंस्थेच्या चेअरमनच्या केबिनमधला आणि ट्रेडमिल गुडघे बसलेल्या एका वकीलसाहेबांची. पाहुण्याच्या हातात पाण्याचा पेला येण्याआधी प्रत्येक वस्तूची ओळख आकड्यांत होते: नवी केवढ्याला, आपल्याला केवढ्याला, आणि मधला फरक किती. हा फरक म्हणजे आप्पांच्या लेखी रोख मिळकत. ‘आजवर सात-आठ लाख तरी सुटले असतील,’ असं ते सहज सांगून जातात. ‘सुटले ना, पण गेले कुठं?’ हा वहिनींचा प्रश्न स्वयंपाकघरातून येतो आणि उत्तर न घेता परत जातो.

असे आप्पा कॉलनीगणिक एक असतात. जळगावात महाबळला असतात, धुळ्यात देवपूरला असतात. कोणाचं ठिबकच्या सामानाचं दुकान, कोणी जिल्हा परिषदेतून निवृत्त, गावाकडे थोडी केळी, थोडी कपाशी. परिस्थिती चांगली असते; हौस आहे ती परिस्थिती बेताची असल्यासारखं वागण्याची. सोनं तेवढं सराफ बाजारातून, चालू भावाने, पक्क्या पावतीसकट येतं, कारण तिथे निर्णय वहिनींचा.

आमच्या आप्पांना ऑनलाइन लिलावाचा नाद लागला तो 2004 साली. अमेरिकेच्या ईबेने आपल्याकडची बाझी डॉट कॉम विकत घेतली ते हे वर्ष. पहिल्याच बोलीत त्यांनी एक कॅमेरा जिंकला. त्याच्या कार्डावर आधीच्या मालकाच्या मुलीच्या साखरपुड्याचे फोटो निघाले. आप्पांनी प्रिंटा काढून त्या माणसाला पोस्टाने पाठवल्या आणि पोस्टाचा खर्च ‘मधल्या फरका’तून वजा केला. माणूस हिशोबाला चोख आहे. 2017 मध्ये ईबेने इथला कारभार फ्लिपकार्टच्या हवाली करून गाशा गुंडाळला, तेव्हा ते दोन दिवस धड जेवले नाहीत. मग ओएलएक्स होतंच, व्हॉट्सअ‍ॅपवरचे खरेदी-विक्रीचे ग्रुप होतेच, आणि लिलाव लावून देणारे किरकोळ विक्रेते तर पावसाळ्यातल्या तणासारखे उगवतात.

टाइमशेअर आलं ते आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर. त्या दिवसांत जळगावचा पारा 45 ला टेकलेला असतो, कूलर गरम वाफ फेकतो, आणि दुपारच्या रस्त्यावर रसवंतीच्या घुंगरांखेरीज काही हालत नाही. वहिनी माहेरी, धुळ्याला. रात्री साडेअकराला आप्पा गच्चीवर ओली चादर अंगावर घेऊन मोबाइल चाळत होते. ‘थंड हवेच्या ठिकाणी दरवर्षी सात दिवस. मूळ मेंबरशिप सव्वातीन लाख. चौदा वर्षं शिल्लक. अर्जंट विकणे आहे. बोली पाच हजारांपासून.’ चादर वाळत चालली होती. आप्पांनी साडेपाच हजार टाकले.

बाजार समितीत तुरीचा लिलाव बघत वाढलेला माणूस. कधी थांबायचं, कधी शेवटच्या क्षणी पाय पुढे टाकायचा, हे रक्तात आहे. शेवटच्या दोन मिनिटांत समोर कोणीतरी होता. आप्पांनी अडीचशेने वाढवलं की तोही अडीचशेने वाढवायचा. बारा वाजायला काही सेकंद असताना तो अचानक गप्प झाला आणि आप्पा 22,250 रुपयांना जिंकले. समोरचा कोण होता ते कधीच कळलं नाही. तो विक्रेत्याचाच माणूस असावा, हे वहिनींचं मत आजही कायम आहे.

आता हा प्रकार मुळात काय, ते सांगितलं पाहिजे, कारण आप्पांनी ते घेतल्यानंतर विचारलं. एका खोलीचे वर्षातले आठवडे वेगवेगळ्या माणसांना विकायचे ही कल्पना 1960 च्या दशकात फ्रान्सच्या आल्प्समध्ये निघाली. आपल्याकडे स्टर्लिंगने 1986 मध्ये आणि महिंद्राने 1996 मध्ये या धंद्यात पाय ठेवला. विकण्याची रीत सगळीकडे साधारण सारखी: पेट्रोल पंपावर किंवा मॉलमध्ये कूपन भरायचं, मग फोन येतो की आपला नंबर लागला, हॉटेलात जेवायला या, पण नवरा-बायको दोघांनी यायचं. (एकट्या नवऱ्याला विकलेली वस्तू दुसऱ्या दिवशी परत येते, हे ज्ञान त्यांना अनुभवातून आलं असणार.) पनीर मसाला गार होईपर्यंत टाय लावलेला मुलगा पुढच्या पंचवीस वर्षांची हॉटेलची भाडी जोडून दाखवतो. अनेक कंपन्या नव्या सभासदाला सुरुवातीच्या काही दिवसांत विचार बदलायची मुभा तरी देतात. आप्पा या जेवणाला कधी गेले नाहीत. जे गेले, त्यांच्याकडून आप्पांनी घेतलं. त्यामुळे पनीर त्यांचं आणि मुभाही त्यांचीच. आप्पांच्या वाट्याला एक पीडीएफ आली.

ती पीडीएफ रंगीत छापून, प्लास्टिकच्या फायलीत घालून आप्पा वकीलसाहेबांकडे गेले. ट्रेडमिलवाले तेच. पहिला प्रश्न: ‘उताऱ्यावर नाव कधी लागेल?’ वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. आपल्याकडच्या बहुतेक टाइमशेअरमध्ये जमीन नाही, खोली नाही, मालकी नाही. ठरलेली वर्षं राहायला मिळण्याचा करार असतो, तोही कंपनीशी. सातबारा नाही, फेरफार नाही, सिटी सर्व्हेचा उतारा नाही. आप्पा काही वेळ गप्प बसले. खान्देशातला माणूस, आयुष्यात पहिल्यांदा त्याने अशी स्थावर घेतली होती जिला बांधच नव्हता आणि त्यामुळे बांधावरून भांडायला शेजारीही नव्हता. ‘आणि फसवणूक निघाली तर ग्राहक आयोगात जाता येईल ना? आता राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते म्हणे.’ येते, वकीलसाहेब म्हणाले, 2019 च्या कायद्याने तशी सोय केली आहे. पण धंदेवाल्या विक्रेत्याविरुद्ध. घरगुती माणसाने घरगुती माणसाला वापरलेली वस्तू विकली, तर ग्राहक कोण आणि दुकानदार कोण, यातच तारखा जातील. मग त्यांनी ट्रेडमिल नीट चालते का, ते विचारलं.

आखाजीला आप्पा सासरवाडीला गेले. आमरस-पुरणपोळी झाली, सांजोऱ्या झाल्या, अंगणातल्या निंबाच्या झोक्यावर माहेरवाशिणींची गाणी चालू झाली, आणि आप्पांनी ओट्यावर फाइल काढली. सासरे पंच्याऐंशीच्या पुढचे. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात त्यांची अजून फेरी असते. घ्यायचं काही नसतं. पण घोड्याचे दात बघणं, भोवरे मोजणं, चार पावलं चालवून टाच कुठे पडते ते पाहणं, हे केल्याशिवाय त्यांना वर्ष संपल्यासारखं वाटत नाही. त्यांनी फायलीवरचा डोंगराचा फोटो लांब धरून पाहिला.

‘कितलाले लिधं, जवाईबापू?’

‘सव्वातीन लाखांचं, बावीस हजारांत.’

‘आनि दरसाल कितला भरना पडतीन?’

आप्पांनी पीडीएफ उलटसुलट केली. तो आकडा तिच्यात नव्हता.

‘घोडं फुकटमा भेटनं, तरी चंदी काय फुकट भेटस का?’ एवढं बोलून म्हातारबुवांनी फाइल परत दिली आणि अडकित्ता शोधायला लागले.

चंदीचा आकडा पंधरवड्याने आला. मेंबरशिप नावावर करून घ्यायला अर्ज केला, तेव्हा कंपनीने कळवलं की आधीच्या सभासदाने दोन वर्षांचं वार्षिक शुल्क भरलेलं नाही. ते आधी चुकतं करा, मग हस्तांतराचं शुल्क, मग चालू वर्षाचं, आणि सगळ्यावर जीएसटी. हे शुल्क गेलात तरी भरायचं, नाही गेलात तरी भरायचं, आणि दरसाल ते थोडं वर सरकतं. मूळ सभासदाला मिळणाऱ्या काही सवलती दुसऱ्या मालकाला लागू नाहीत, हेही त्या पत्रात बारीक अक्षरात होतं. 22,250 चं प्रकरण नव्वद हजारांच्या घरात गेलं. दुसऱ्या कोणाला घाम फुटला असता. आप्पांनी कॅल्क्युलेटर काढला: सव्वातीन लाख वजा नव्वद हजार. ‘तरी दोन लाख पस्तीस हजार सुटलेच.’

आप्पांचा पुतण्या न्यू जर्सीत असतो. त्याने व्हिडिओ कॉलवर ऐकलं आणि तो हसत सुटला. तिकडे ईबेवर फ्लोरिडातले आठवडे एक डॉलरला लागलेले असतात. एक डॉलर! कित्येकदा कागदपत्रांचा खर्चही विकणाराच देतो, वर यंदाचं शुल्क भरून देतो, कारण वर्षाला हजार डॉलरच्या पुढे जाणारा देखभालीचा खर्च एकदाचा दुसऱ्याच्या गळ्यात पडावा एवढीच त्याची इच्छा असते. विकत घेताना हजारो डॉलर मोजलेली वस्तू. पुतण्याने हे सावध करण्यासाठी सांगितलं. आप्पांनी वहीत लिहून घेतलं: ‘फ्लोरिडा, 1 डॉलर. चौकशी करणे.’

राहता राहिलं प्रत्यक्ष जाणं. या योजनांत हंगामाला रंग किंवा दर्जे असतात. दिवाळी, नाताळ, मे महिना यांचा रंग महाग. बाकीच्यांचा उतरत्या भावाने. आप्पांच्या वाट्याला आलेला रंग सगळ्यात खालचा होता. मे महिना मिळेल का विचारल्यावर फोनवरची मुलगी फार गोड हसली. शेवटी मिळालं ते ऑगस्टात, महाबळेश्वरला. इकडे कपाशीची निंदणी, मजूर मिळेनात, पोळा तोंडावर. आणि तिकडे महाबळेश्वरचा ऑगस्ट म्हणजे काय, ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. आप्पा आणि वहिनी सात दिवस धुक्यात होते. आर्थर सीट पॉइंटवर ते गेले आणि ती पाटी हाताने चाचपून परत आले. वेण्णा लेकची नौका बंद, स्ट्रॉबेरीचा मोसम संपलेला. बाल्कनीतून दरी दिसते, असं माहितीपत्रकात होतं. आप्पांना समोरच्या बाल्कनीतला बर्म्युडा वाळत घातलेला दिसायचा, तोही वारा सुटला तरच.

तिसऱ्या दिवशी वहिनींनी बॅगेतून शेव, काळा मसाला, लसणाच्या पाकळ्या आणि सुकं खोबरं काढलं. खोलीत छोटं किचन होतं, चहा-मॅगीच्या बेताचं. वहिनींनी खोबरं थेट शेगडीवर धरलं, कांदा काळा होईस्तोवर भाजला, तेल तापवून मसाला सोडला, आणि छताला चिकटलेली पांढरी डबी किंचाळायला लागली. मॅनेजर धावत आला. तो निघाला साक्रीकडचा. त्याने आधी अलार्म बंद केला आणि मग आतून दार लावून घेतलं. त्या सात दिवसांत आप्पांना बरं वाटलं ते त्या दुपारी. तर्रीवाली शेवभाजी, तीन माणसं, बाहेर झड. खर्च माणशी किती पडला, हे मात्र त्यांनी त्या वेळी काढलं नाही.

परतल्यावर वहिनींनी काढला. निवांतपणे, वाण्याच्या वहीच्या मागच्या पानावर. दिवसाला जो आकडा आला, त्यात तोरणमाळला अख्ख्या कुटुंबाची मे महिन्यातली सहल झाली असती, आणि यशवंत तलाव दिसलाही असता. ‘विकून टाका,’ त्या म्हणाल्या.

आप्पांनी जाहिरात टाकली. तीन दिवसांत दिल्लीहून फोन: आमच्याकडे गिऱ्हाईक तयार आहे, चार लाखांना घेतो, फक्त नोंदणीचे पंधरा हजार तेवढे आधी ऑनलाइन पाठवा. टाइमशेअर विकायला काढलेल्या माणसाला गाठून आगाऊ पैसे काढायची ही जुनी चाल. अमेरिकेतही हीच, इकडेही हीच. आप्पांना काही तरी खटकलं. खटकली ती रक्कम. तासभर हुज्जत घालून त्यांनी पंधरा हजारांची फी सहा हजारांवर आणली. ‘नऊ हजार सुटले,’ असं ओरडतच ते स्वयंपाकघरात आले. वहिनींनी कणकेच्या हाताने मोबाइल काढून घेतला, फोन कापला आणि नातवाला सायबरच्या तक्रारीचा नंबर विचारला. तो 1930 आहे, पैसे जाण्याआधीही आणि गेल्यावर तर ताबडतोब लावावा.

जाहिरात अजून चालू आहे. तेरा वर्षं शिल्लक, खोली छोटी पण किचनसह, हंगाम शांत. 22,250 च्या खाली एक रुपया उतरणार नाही, असं आप्पा प्रत्येकाला बजावून सांगतात. घ्यायचं असेल तर त्यांच्याशी घासाघीस करू नका, थेट वहिनींना भेटा. त्या फुकट द्यायला तयार आहेत, आणि या वर्षाचं शुल्क वरून स्वतः भरतील.